धाकटीचा मापाचा आठवडा

माझी धाकटी बहीण माझ्याच शाळेत, शेजारच्याच वर्गात शिकवते. मी तिसरी अ, ती तिसरी ब. मुलं मला थोरल्या बाई म्हणतात, तिला धाकट्या बाई. मला शिकवायला लागून बावीस वर्षं झाली, तिला सहा. तिचं काही चांगलं झालेलं मला सोसत नाही. आधीच सांगून टाकलेलं बरं.

लहानपणी हिला सातचा पाढा येत नव्हता. बाबा शिंपी होते. मी हुशार, म्हणून मला आतल्या खोलीत अभ्यासाला बसवायचे. ही ढ, म्हणून हिला दुकानात. बाबा गिऱ्हाइकाला टेप लावून आकडे सांगायचे आणि ही वहीत उतरवायची. छाती छत्तीस, बाही बावीस. मी पाढे घोकत दोघांचं खिदळणं ऐकायची. पाढे माझे पाठ झाले, बाबा तिचे झाले. शेवटपर्यंत त्यांनी तिलाच झुकतं माप दिलं. पुढे बऱ्याच वर्षांनी शिक्षिकेच्या परीक्षेत ती पास झाली, तीसुद्धा माझ्या वह्यांवर.

यंदा मुख्याध्यापिकांनी नवंच काढलं. एक विषय घ्यायचा आणि आठवडाभर भाषा, गणित, विज्ञान, चित्रकला, सगळं त्याच्याभोवती शिकवायचं. ज्या बाईंची योजना जमेल, ती पुढच्या सत्रात सगळ्या शाळेची, आणि इतरांना तयार करायचं काम त्याच बाईंचं. ते काम मला हवं होतं. इतक्या वर्षांत मी दुसरं काही मागितलं नव्हतं.

मी ‘पाणी’ घेतलं. चार रंगांचा तक्ता केला. भाषेत पाण्याची कविता, गणितात लिटर, भूगोलात नद्या, चित्रकलेत मासा. धाकटीने पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने ‘माप’ एवढंच लिहून आणलं होतं आणि खाली एक प्रश्न: ‘एकाच बाकाची लांबी प्रत्येकाची वेगळी का आली?’

मुख्याध्यापिकांनी माझा तक्ता न्याहाळला. “सुरेख आहे हो. पण पाणी सगळीकडे नुसतं शिंपडलंय, मुरलं कुठेच नाही.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यावर त्या म्हणाल्या, “तिसरीच्या तुम्हीच जुन्या. धाकट्या बाईंचा आठवडा बघा आणि अहवाल द्या. तुम्हाला नाही पटलं तर तुमचीच योजना घेऊ.”

आंधळा मागतो एक डोळा! सोमवारी माझा वर्ग मुख्याध्यापिकांकडे सोपवून मी वही घेऊन तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले.

मुलांनी बाक वितीने मोजला. कुणाच्या आठ विती, कुणाच्या दहा. भांडणं जुंपली. धाकटी गप्प. शेवटी मुलंच ओरडली, “बाई, सगळ्यांची वीत एक करा ना!” तेव्हा कुठे तिने पट्टी काढली. मंगळवारी पट्टीने कोंब मोजले. बुधवारी वर्गाचा नकाशा काढायचा, तर खोली कागदात मावेना, म्हणून भागाकार लागला. एकही तास उपरा वाटत नव्हता. मला हे दिसत होतं आणि दिसतंय याचाच राग येत होता. मी वहीत लिहिलं: ‘गोंगाट फार.’

शुक्रवारी भाषेचा तास होता. मापावरचे वाक्प्रचार. धाकटी फळ्याकडे तोंड करून लिहीत होती. “मापं काढणे, म्हणजे एखाद्याला नावं ठेवणे. वाक्यात उपयोग कोण करतंय?”

पुढच्या बाकावरची मुलगी टुणकन उठली. हीच रोज खडू न्यायला शिक्षकांच्या खोलीत येते. “थोरल्या बाई धाकट्या बाईंची मापं काढतात.”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

धाकटी वळली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. “वाक्य बरोबर आहे. आता भूतकाळ कर.”

मुलगी जरा अडखळली. “थोरल्या बाई धाकट्या बाईंची मापं... काढायच्या.”

“शाब्बास. बस खाली.”

माझ्या वहीत सात त्रुटी लिहिलेल्या होत्या. त्यातल्या पाच मी सोमवारी वर्गात शिरण्याआधीच लिहिल्या होत्या. त्या पानावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: ‘हीच योजना सगळ्या शाळेने घ्यावी. इतरांना धाकट्या बाईंनीच तयार करावं.’ सही केली.

मुलांना वाक्यं लिहायला लावून ती बाकांमधून फिरत माझ्यापाशी आली. वाकून तिने वाचलं.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “इतर बाईंना शिकवायला तू पण चल ना. मला एकटीला भीती वाटते गं.”

म्हणजे चांगुलपणातही हिनंच पुढे जायचं! मला तिचा इतका राग आला, इतका राग आला, की मुलांसमोर मला रडू फुटलं.