अलकाबाई आणि गणितातलं ‘का’

आमच्या टोकरखाड्याच्या शाळेत अलका परुळेकर गणित शिकवतात. मूळच्या कोकणातल्या, त्यामुळे जीभ तिखट. पोरानं बरोबर उत्तर दिलं तरी शाबासकी नाही, आधी विचारणार, “का बरं?” ते सांगता आलं नाही तर बरोबर उत्तराचेही मार्क कापणार. शिक्षक-खोलीत आम्ही त्यांची चेष्टा करतो, पण गणित शिकवावं तर त्यांनीच.

त्यांचा हा ‘का’ पुरता मुरला तो एकाच मुलीत. रोशनी, नंदुरबारकडून आलेल्या सुकदेवची लेक. सूत्र विसरलं तरी आकृती काढून, अडखळत, स्वतःच्या वाटेनं ती उत्तरापाशी पोचायची. वेळ लागायचा, निम्मा पेपर सुटायचा, मार्क जेमतेम पासापुरते. बाईंना त्याची फिकीर नव्हती. ही मुलगी इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला जाणार, असं त्या आम्हाला ठासून सांगायच्या.

बापाला मात्र मार्कच दिसत होते. सुकदेव धाग्याच्या कारखान्यात मशीनवर असतो. एकदा शाळेत आला आणि हात जोडून म्हणाला, “बाई, कंपनीमा ‘का’ इचारनारा टिकत नही. सुपरवायझर सांगस तेच बटन दाबानं. पोरले बी तसंच शिकाडा.” बाईंनी परोपरीनं समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. बिचाऱ्यानं लेकीच्या भल्यासाठीच तिला क्लासला घातलं. तिथं गाइडमधली गणितं उत्तरासकट घोकून घेतात. दहावीचे पेपर आमच्याकडे बाहेरून येतात, ते काढणारे आणि तपासणारेही त्याच गाइडचे भक्त, त्यामुळे दहावीत रोशनीला शाळेत नव्वदच्या पुढे मार्क पडू लागले. सुकदेवनं पेढे वाटले. बाईंनी पेढा घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला.

डिप्लोमाच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा निघाली सगळी विचार करायला लावणारी. गाइडातलं एकही गणित नाही. रोशनी नापास झाली. सोमवारपासून बापाच्याच कारखान्यात पॅकिंगला जायचं ठरलं.

जाण्याआधी ती बाईंना भेटायला आली, तेव्हा मी तिथंच होते. बाईंनी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि विचारलं, “आयताची लांबी दुप्पट केली, रुंदी निम्मी केली, तर क्षेत्रफळाचं काय होईल?” पूर्वी असा प्रश्न तिनं खेळता खेळता सोडवला असता. आता पेन्सिल हातात धरून नुसती बसून राहिली. मला संताप आला, पण तो काढायचा कुणावर?

“बाई, उत्तर सांगून द्या ना,” ती नम्रपणे म्हणाली. “मी पाठ करून टाकते.”

बाईंनी उत्तर सांगितलं. तिनं ते पुटपुटत पाठ केलं, त्यांच्या पाया पडली आणि गेली.