भिंतीकडची खाट

हा कागद मी स्वतःच्या हाताने लिहितोय. चौथी शिकलेला माणूस आहे. शुद्धलेखन तुम्ही सुधारा, मजकुराला मात्र हात लावू नका. अंगात येणं, उतारा, नारळ फिरवणं... यातलं मी काही मानलं नाही. आमच्या कापडे गावात कोणाला काही दिसलं तर तो मला सांगायचा नाही, कारण मी तोंडावर हसायचो. महाडच्या एमआयडीसीत बावीस वर्षं बॉयलरवर काढलीत. बॉयलरवाल्याला आतलं पाणी दाखवणाऱ्या काचेवर नजर ठेवायची सवय. काचेत दिसेल तेवढंच खरं.

गोष्ट दोन हजार सात-आठची. माझी बायको द्वारका जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तिला दमा. थंडीत पाठीला उशी लावून बसल्या बसल्या उजाडायचं तिचं. डॉक्टरने वाफेचं मशीन घ्यायला सांगितलं होतं. मी म्हटलं, चुलीवर पाणी उकळतंय ते काय कमी आहे? माझ्यापुढे ती बोलायचीच नाही फार.

मला दुसरा रोग. झोपेत घोरता घोरता श्वास अडकायचा. ती होती तोवर कोपर मारायची, "अवो, कुशीवर व्हा, परत थांबलात." ती गेल्यावर कोपर मारणारं कोणी राहिलं नाही. दिवसा एसटीत, जेवताना, कुठेही डोळा लागायचा. मुलगा संदीप डोंबिवलीला असतो. त्याने महाडच्या डॉक्टरांना दाखवून मशीन आणलं. हवा फुंकणारा डबा, त्यात हवा ओलसर करायला पाण्याची लहानशी टाकी, एक नळी, नाकावर मास्क. आत कार्ड.

"आप्पा, कार्डात सगळं उमटतं. लावलं नाय असं दिसलं, की घराला कुलूप आणि तुम्ही डोंबिवलीला."

"मी काय शेरडू हाय, दावं धरून न्यायला?"

"शेरडू ऐकतं तरी."

चौथ्या मजल्याच्या खिडकीत बसून मला मरायचं नव्हतं. म्हणून रोज लावायचो.

त्या वर्षी संदीपच्या कंपनीने बोटीचे पास दिले — मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, चार रात्री. आईवडील धरून. कंपनीच्या फायलीत द्वारकाचं नाव तसंच राहिलेलं. त्यामुळे मला दोन खाटांची खोली आली, आणि तिच्यात मी एकटा. संदीपचं कुटुंब वरच्या मजल्यावर. चढताना बोटवाल्यांनी माझ्या पिशवीतली प्लग लांबवायची वायर काढून घेतली, आगीची भीती म्हणे. खोलीत प्लग होता तो भिंतीकडच्या खाटेशी. संदीपने मशीन तिथे लावून दिलं. "इथेच झोपा आप्पा," म्हणाला आणि गेला.

मी दाराकडच्या खाटेवर बसलो. आमच्याकडे घरधनी दाराकडे झोपतो. चाळीस वर्षं मी दाराकडे, ती भिंतीकडे. ती गेल्यावरही मी तिच्या जागेवर सरकलो नव्हतो. इथेही सरकवेना. मशीन ओढून पाहिलं, वायर पुरेना. शेवटी सवयीने टाकी रेघेपर्यंत भरली, मास्क खुंटीला अडकवला आणि तसाच झोपलो.

सकाळी डोकं दगडासारखं. टाकीकडे नजर गेली. पाणी दोन बोटं उतरलेलं! मास्क खुंटीवर नाही, भिंतीकडच्या उशीवर. पट्टा पार आवळलेला. माझ्या डोक्याला लावून बघितला, बसेना.

खोली साफ करणाऱ्याला बोलावलं. "मशीन को हाथ लगाया क्या?"

"अंकल, रात को कैसे आऊँगा? कडी तो आपने अंदर से लगाई थी।"

खरं होतं. आताच मी काढली होती.

नाश्त्याला संदीपने विचारलं, "लावलंत ना?" "लावलं," मी म्हणालो. मुलाशी खोटं बोललो.

मग वर जाऊन पाण्याकडे बघत बसलो. चहूकडे पाणीच. द्वारकाचं माहेर दासगावचं. लहानपणी खाडीतून लाँच जाताना बघायची. लग्न झाल्यापासून एकच मागणं, "मला येकदा मोठ्या बोटीत बसवा." मी म्हणायचो, बसवू. बोटीत माणसं मावत नव्हती, सगळी जोडीने. माझ्या शेजारची खुर्ची कोणीतरी विचारून उचलून नेली.

चारही दिवस तेच. संध्याकाळी मी पट्टा सैल करायचो, टाकी भरायचो. सकाळी पट्टा आवळलेला, पाणी दोन बोटं खाली. भ्यालो नाही. तिसऱ्या संध्याकाळी त्या खाटेकडे तोंड करून म्हणालो, "पाणी भरलंय." मग माझीच मला लाज वाटली.

परत आल्यावर महाडच्या दवाखान्यात मशीनवाला लॅपटॉप घेऊन आला. संदीप बरोबर होता. कार्ड आत जायच्या आधीच मी म्हटलं, "बोटीवर मी लावलं नाय. खोटं बोललो. काय करायचं ते करा."

संदीपने कार्ड पुढे केलं. मशीनवाला पडद्याकडे बघून हसला. "काका, मस्करी करता काय? चारही रात्री पूर्ण. सात-सात तास."

"मास्क नुसता पडून असेल. हवा गेली असेल."

"मग श्वास उमटला नसता. हा बघा ना. घरी तुम्ही अजून मधेमधे थांबता, बोटीवर एकदाही नाही. आणि श्वास केवढा लहान, हलका... दुसऱ्याच कोणाचा वाटावा असा."

"आप्पांना समुद्र मानवला," संदीप म्हणाला. माझा हात दाबला त्याने. घराला कुलूप लागलं नाही. तो अजून समजतो, म्हाताऱ्याने गंमत केली.

मी पुष्कळ डोकं चालवलं. कार्ड बिघडलं म्हणावं, तर मशीनवाल्याने तपासून नीट आहे म्हणून सांगितलं. माझं डोकं फिरलं म्हणावं, तर काचेवर नजर ठेवण्यात बावीस वर्षांत मी कधी चुकलो नाही. एवढंच कळतं — सात तास, सलग चार रात्री. एवढी झोप द्वारकाला माझ्या घरात कधी मिळाली नव्हती.

कापड्यात मी अजून दाराकडेच झोपतो. मशीन रोज लावतो. झोपताना पट्टा सैल करून ठेवतो आणि सकाळी आधी तो बघतो. आवळलेला परत कधी सापडला नाही.