टेकडीवरचं तिसावं झाड

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. "टेकडीवरचं टेकडीवरच ठेवायचं," असं आमच्या शाळेतल्या सरांनी बजावलं होतं. पण झाडं ओळखायला निघालं, की झाडांपेक्षा किस्सेच जास्त गोळा होतात! माझ्या वहीत पुढून झाडांची नावं आहेत आणि मागून किस्से. मागची बाजू आधी भरली.

आधी टेकडीचं सांगते. पाटोद्याजवळ आमचं गाव, गावामागे म्हसोबाची टेकडी. पंचायतीच्या कागदावर तिथे फक्त 'काटेरी झुडपं' लिहिलेलं. मशीन लावून ती काढायची आणि मग वृक्षारोपण करायचं, असं ठरलं!

सर सरपंचांकडे गेले. सरपंच हसून म्हणाले, "सर, गावरान झाडाच्या तीस जाती दावा. मशीन माघारी धाडतो." मुदत ग्रामसभेपर्यंत.

सर, माझी मैत्रीण शीतल आणि मी कामाला लागलो. शीतल बोलते, मी लिहिते. आमची वाटणी अशीच आहे.

*

पहिल्या दिवशी आम्ही ओळखलेल्या झाडांवर कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या. बाभूळ, हिवर, खैर, पळस. डिंक संपला, म्हणून शीतलने घरून ज्वारीच्या पिठाची खळ करून आणली.

दुसऱ्या दिवशी एकही चिठ्ठी नाही! खाली सोनामावशींच्या शेळ्या निवांत रवंथ करत होत्या.

सर कपाळाला हात लावून बसले. सोनामावशी म्हणाल्या, "सर, जिवाला लावून घेऊ नका. आता तुमच्याइतकंच माझ्या शेळ्यांला बी ठावं हाय!"

त्या दिवसापासून सोनामावशी आमच्या गटात आल्या. त्यांना प्रत्येक झाड माहीत होतं. ओळख मात्र एकाच प्रकारची: "हे शेळी खाती," नाहीतर "हे न्हाई खात."

*

टेकडीवर आपटा सापडला, तेव्हा मी पान निरखून पाहिलं. लहान, जाड, आडवं पसरलेलं. गेल्या दसऱ्याला सरपंचांनी वाटलेलं 'सोनं' माझ्या वहीत होतं. ते मोठं आणि पातळ! सरांना दाखवलं. सर म्हणाले, "हा तर कांचन. सरपंचांच्या अंगणातला."

सोनामावशींनी पदर तोंडाला लावला. "म्हंजे खरं सोनं टेकडीवर, आन् वाटलं ते खोटं!"

सर घाबरून म्हणाले, "मावशी, ग्रामसभा होईपर्यंत हे बोलू नका!"

*

आता तो किस्सा, ज्यासाठी सरांनी तंबी दिली.

टेकडीच्या पायथ्याशी जुनी बारव आहे. तिच्या ओल्या दगडांत सरांना नेचा दिसला. आमच्या भागात नेचा म्हणजे नवलच! सर काठावर पालथे पडले, डोकं आत, हातात भिंग. आनंदाने पाय थरथरत होते.

सोनामावशींनी लांबून पाहिलं. "अगं बाई, सरांला फेपरं आलं!" म्हणत त्या धावत आल्या, सरांना खांदा धरून उताणं केलं आणि स्वतःची चप्पल नाकाला लावली.

"मावशी, मी नेचा बघत होतो!"

"बघा बघा. पर आदी वास घ्या!"

आणि नेचा काही झाड नव्हे, म्हणून यादीत धरताही आला नाही.

*

ग्रामसभेच्या दिवशी यादीत एकोणतीस नावं होती. वाचायचं शीतलने. पण सराव करकरून तिचा घसा बसला. आयुष्यात पहिल्यांदा! वही माझ्या हातात आली.

मी वाचलं. कसं, ते आठवत नाही. सरपंचांनी बोटांवर मोजलं. "एक कमी हाय पोरी."

मी मान खाली घातली. समोर सरपंचांचे वडील, आबा, बसले होते. त्यांच्या पायाशी त्यांची काठी. सरळ, गुळगुळीत. आमच्या एकोणतीसमधल्या कुठल्याच झाडाची वाटेना.

"आबा," माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, "ही काठी कशाची?"

"धामणीची."

"कुठली?"

"म्हसोबामागल्या कपारीतली. लग्नाच्या साली तोडलती."

सरपंच उठून उभे राहिले. "आबा, मग इतके दिस बोलला कावून न्हाई?"

"इचारलं कुनी?"

सरपंच म्हणाले, "काठी मोजायची न्हाई, झाड मोजायचं. उद्या सकाळी बघू."

*

आज सकाळी सगळे वर गेलो. मशीन पायथ्याशी येऊन थांबलेलं. गुडघ्यांमुळे आबा कित्येक वर्षांत टेकडी चढले नव्हते. आज चढले. कपारीत जुनं खोड होतं, तोडल्याची खूण तशीच. आणि तिच्या शेजारून फुटून उंच गेलेली धामण!

आबांनी काठी त्या खोडाला टेकवून उभी केली, दोन पावलं मागे सरले आणि झाडाला म्हणाले, "वळखलंस का बे?"

त्यावर सरपंचांनी खिशातून फोन काढला आणि

सोनामावशींची हाक आली, "अगं ए, ल्हीत काय बसलीस? चल लवकर! मशीनवाला माघारी जायचा रस्ता इचारतोय!"