हाताला बोट

अल मजाजच्या खाडीकाठचे निम्मे टॉवर मी बांधले, अशी माझ्या मुलीची, ती नऊ वर्षांची होईपर्यंत, समजूत होती. ती मीच करून दिलेली. गाडीतून जाताना स्टिअरिंगवरचा एक हात उचलून मी म्हणायचो, "तो निळा बघ. आपला. त्याच्यामागचा? तोही आपलाच." वस्तुस्थिती अशी, की मी शारजातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होतो आणि माझ्या टेबलावर इमारतीचा एकच अवयव यायचा : संडास-बाथरूम. कमोड भिंतीपासून किती लांब असावा, यात माझी उमर गेली. त्याच्याभोवतीची इमारत दुसरंच कुणीतरी काढायचं.

शेजारच्या फ्लॅटमध्ये नगरकडच्या एक नर्सताई राहायच्या. त्यांच्या चर्चमधल्या मराठी मुलांची संडे स्कूल शुक्रवारी भरायची, कारण नव्वदच्या त्या दशकात आमचा सुट्टीचा रविवार शुक्रवारीच यायचा. त्या वर्षी मुलं शलमोन राजाचं नाटक करणार होती. त्याचं वैभव बघायला लांबून येणारी शेबाची राणी व्हायला एक मुलगी कमी पडली, म्हणून आमची उसनी नेली. उसन्या राणीने पहिल्याच तालमीत जाहीर केलं, "माय डॅडी विल मेक द टेंपल. ही मेड होल शारजा."

ताई दारात आल्या. "भाऊ, जमेल ना नक्की? शलमोनाला मंदिर बांधायला सात वर्षं लागली."

"त्याच्याकडे ट्रेसिंग पेपर नव्हता," मी म्हणालो.

ताईंनी मापं वाचून दाखवली. साठ हात लांब, वीस हात रुंद, तीस हात उंच. आत अगदी मागे परमपवित्र खोली : लांबी, रुंदी, उंची, सगळं वीस हात. वर एक अट. बांधकामावर हातोड्याचा आवाज होता कामा नये. शलमोनाने दगड खाणीतच घडवून आणले होते, मुलांनाही तसंच दाखवायचं. "सगळं बाहेर तयार करा भाऊ, हॉलमध्ये फक्त जोडायचं."

मला ही अट फार आवडली. मी जन्मात खिळा ठोकलेला नव्हता.

आमच्या कंपनीत गुहागरचा एक सुतार होता, इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या कॅम्पात राहायचा. त्याला फोन लावला. "मंदिराचं पुठ्ठ्याचं घर मी करतो. आतली खोली तू प्लायवूडची कर. मागून आत सरकवायची."

"माप काय धरू साहेब?"

इथे खिशात मोजपट्टी बाळगणारा कुठलाही माणूस सेंटिमीटर म्हणाला असता. पण माझ्या अंगात तोवर शलमोनाचा मुख्य अभियंता शिरला होता. "हाताला बोट," मी म्हणालो. "एका हाताला एका बोटाची रुंदी. आपली जुनी माणसं असंच मोजायची."

"हाताला बोट," पलीकडून त्याने आदराने घोकलं.

आठ दिवस मी घरात पुठ्ठा कापला, चॉकलेटचे सोनेरी कागद चिकटवले. चॉकलेटं कुणीतरी संपवायला हवीत म्हणून मीच संपवली, दोन किलो वाढलो. दारातले दोन खांब गालिचे गुंडाळायच्या नळकांड्यांचे केले. मंदिराच्या अंगणात बारा बैलांच्या पाठीवर एक भलंमोठं गंगाळ हवं होतं, ते मात्र अधिकारवाणीने केलं. तो माझा विषय.

शुक्रवारी नाटकाच्या तासभर आधी सुतार खोली डोक्यावर घेऊन हॉलमध्ये आला. आम्ही ती घराच्या मागून सरकवली. जाईना. तिरकी केली. जाईना.

"खलास," सुतार म्हणाला.

मी माझं बोट बघितलं. आयुष्यभर पेन्सिल धरलेलं, कोवळ्या भेंडीसारखं. मग त्याचं बघितलं. गावठी काकडी. अशा वीस काकड्यांची खोली वीस भेंड्यांच्या घरात शिरणार कशी?

"करवत आणलीयेस?" मी कुजबुजलो.

"आणलीय. पण ताई म्हणतात, आवाज नको."

तेवढ्यात मुकुट घातलेली राणी आली. "डॅडी, इज इट डन?"

सुतार माझ्या मदतीला धावला. "घाबरू नको गो बाय. तुझ्या बाबांसारखा माणूस नाय शारजात. संडासाचं ड्रॉइंग काढावं तर साहेबांनीच."

"संडास? टॉयलेट?"

"मग? कुठल्याही बिल्डिंगचे असूदेत. दुसरं काय काढतच नायत."

तो मनापासून कौतुक करत होता. शलमोनाच्या बांधकामावर असेल तेवढी शांतता हॉलमध्ये झाली. राणीने माझ्याकडे एकदा बघितलं, मुकुट नीट केला आणि ती पडद्यामागे गेली.

सुतार डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, खोली घरात जात नाय. घर खोलीत जातंय का बघू?"

गेलं. अर्धं. मग अडकलं ते अडकलंच. जोडावर ताईंची जांभळी ओढणी सोडली. जगातलं हे एकमेव मंदिर असावं, जे स्वतःच्याच गाभाऱ्यात कंबरेपर्यंत घुसलं होतं.

नाटक सुरू झालं. राणी लवाजम्यासह आली. तिला मंदिर न्याहाळून बायबलमधलं एकच वाक्य म्हणायचं होतं. ताईंनी ते तिच्याकडून घोकून घेतलं होतं, कारण मराठी तिला कळायची, पण बोलता यायची नाही. राणीने मंदिराला सावकाश फेरी घातली. ओढणीपाशी जरा जास्तच थांबली. मग शलमोनाकडे पाठ करून थेट दुसऱ्या रांगेत माझ्याकडे बघत, खणखणीत मराठीत तेच वाक्य म्हणाली, "मला तर यातलं अर्धंसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं."

टाळ्या कडाडल्या. मीही वाजवल्या. दुसरं काय करणार?

परतताना गाडीत ती मुकुट मांडीवर घेऊन बसली होती. मी पहिल्यांदाच दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. निळा टॉवर आला.

"दॅट वन. ओन्ली टॉयलेट्स?"

"हो."

"ऑल द टॉयलेट्स?"

"सतराच्या सतरा मजल्यांचे," मी म्हणालो. मजले चौदा होते.

ती ओठ हलवत बराच वेळ काहीतरी मोजत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघताना लिफ्टमध्ये तिची वर्गमैत्रीण भेटली. आमच्या कन्येने दप्तर सावरलं आणि माझ्याकडे बोट करून तिला गंभीरपणे सांगितलं, "विदाऊट माय डॅडी, नोबडी इन शारजा कॅन गो."

मैत्रीण माझ्याकडे आ वासून बघत राहिली. मी मजल्यांचे आकडे बघत राहिलो. खोटं आहे, असं काही मला म्हणवेना.