घरभराची एक फाइल

म्हसावदला दवाखाना टाकून मला बरीच वर्षं झाली. माझं तोंड फटकळ आहे हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक आहे. पेशंटच्या वतीने दुसरंच कुणी बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी सासू बोलत होती. "न्हाणीम्हा तिना पाय घसरना." सुनेचं मनगट टम्म सुजलेलं आणि त्यावर चार बोटं उठलेली. न्हाणीला काय बोटं असतात?

"आजी, आलाच आहात तर तुमची शुगर बघून घेऊ," म्हणत मी सासूला कंपाउंडरकडे पिटाळलं आणि दार लोटलं. सुनेने आधी दार नीट लागलंय ना ते पाहिलं. मग म्हणाली, "मी पडनी नही. त्यासनी हात पिरगाळा. कोनले सांगू नका, म्याडम."

मी सांगितलं नाही, लिहिलं. असलं लिहून ठेवायचं असतं, पुढे पोलिसांत कामाला येतं, आणि डॉक्टर मंडळी नेमकं तेच टाळतात म्हणून मी चारचौघांत तोंडसुख घेत आले होते. इंग्रजीत, ठसठशीत अक्षरात लिहिलं, की नवऱ्याने हात पिरगळला, बोटांचे वण आहेत. खाली सही ठोकली. वर स्वतःवर खूशही झाले.

आमच्याकडे पेशंटचे कागद दवाखान्यात राहत नाहीत. घरभराची एकच प्लास्टिकची फाइल असते. सासऱ्याचं बीपी, सासूची शुगर, दिराचा टायफॉइड, सगळं तिच्यात, आणि ती घरी कपाटावर. सासूने नेहमीप्रमाणे फाइल पिशवीत घातली आणि दोघी रिक्षात बसून गेल्या. आणखी दोन पेशंट झाले तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिचा नवरा हायस्कुलात इंग्रजी शिकवतो.

अगं बाई! रजिस्टरमध्ये फोन नंबर होता तोही त्याचाच. बाहेर बसलेल्यांना "आलेच" म्हणून मी स्कूटी काढली. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, केळीच्या मळ्यालगत. शाळा सुटायला अजून वेळ आहे, असं रस्ताभर स्वतःला बजावत होते. शनिवार आहे, शाळा सकाळची असते, हे त्याची मोटरसायकल दारात दिसल्यावर आठवलं.

तो बंगईवर पाय टेकून, झोका थांबवून बसला होता. फाइल मांडीवर उघडी.

"अहो सर, एक गोळी चुकीची लिहिली गेली," मी म्हटलं. "द्या जरा इकडे."

"गोळी बरोबर आहे, मॅडम." त्याने मान वर केली नाही. "बाकीचं वाचतोय."

आवाज अजिबात चढला नव्हता. ओरडणाऱ्या पुरुषांना मी पुरून उरते, याची मात्र भीती वाटली. त्याच्या आईने विचारलं, "काय लिखेल शे रे?" "काही नही, माय," म्हणत त्याने कागद काढला, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

माझं तोंड मात्र चाललं. "हाड मोडलं असेल. एक्स-रे आत्ताच काढायला हवा. शहाद्याला मी नेते."

"उद्या मी नेईन."

"मग बोटं काळी पडली तर जबाबदारी तुमची. तसं लिहून द्या मला."

लिहून द्या म्हटल्यावर त्याने शर्टाचा खिसा चाचपला आणि बायकोला 'जा' म्हणून मान हलवली. ती चपला घालून, पदर सावरून माझ्यामागे बसली. हातात साधी पिशवीसुद्धा नव्हती.

गाव मागे पडलं. तिचा चांगला हात माझ्या खांद्यावर होता. कापसाची शेतं लागली तेव्हा तिने विचारलं, "म्याडम, एक्स-रे व्हयना का मंग मी कथा जाऊ?"

मग कुठे जायचं? मी फक्त त्या कागदाचा विचार केला होता. शहादा जवळ येत होतं. मी स्कूटीचा वेग कमी केला.