घरगाडीचं दार

विमा कंपनीतली नोकरी मुदतीआधीच सोडली आणि मी एक जुनी घरगाडी विकत घेतली. आमच्या इमारतीत कुणालाच त्याचा अर्थ लागला नाही. बारा माणसं बसतील एवढा टेम्पो, आत दोन बाकं, त्यांचाच रात्री पलंग होतो, एक छोटा गॅस, पाण्याची टाकी आणि डाव्या बाजूला आत शिरायचं दार. परळला आमच्याकडे स्कूटर लावायलाही जागा नाही, म्हणून ती मी वडाळ्याला ठेवते. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या दिरांचं तिथे मोकळं आवार आहे.

माझ्याबरोबर फिरायला एकच माणूस तयार होतं, माझी मोठी बहीण. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दादरला राहते, शिवलेल्या नऊवाऱ्या करून देते. लग्नाच्या आणि गौरी-गणपतीच्या दिवसांत तिच्याकडे बायकांची रीघ असते. भाऊजी गेल्यानंतर ती शिवणयंत्रावरून फारशी उठतच नव्हती. गाडी आली आणि ती पहिल्यांदा म्हणाली, "मलाही ने."

तीन सहली छान झाल्या. चौथ्या वेळी आम्ही कोकणात समुद्राजवळच्या एका सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, थांबलो होतो. संध्याकाळचं वारं सुटलं होतं. मी दार उघडं धरून उभी होते आणि ताई चहाचे कप घेऊन खाली उतरत होती. तिने आधारासाठी चौकटीला हात लावला. तेवढ्यात मी केस सावरायला दार सोडलं. एक क्षण, त्याहून जास्त नाही. वाऱ्याने ते दार असं आणून आपटलं की मला आधी फक्त कप फुटल्याचा आवाज आला.

उजव्या हाताची मधली दोन बोटं. तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढला, एका बोटाचं हाड मोडलं होतं, दुसऱ्याचं नख गेलं होतं. येताना संबंध रस्ताभर ताई बाकावर हात उशीवर ठेवून पडून होती. मी आरशातून बघायचे, ती बाहेर बघत असायची.

बोटांना पट्टी बांधून दीड महिना शिवण बंद. गणपती तोंडावर आले होते. तिने घेतलेली कापडं ओळखीच्या दोन बायकांकडे वाटून दिली. मी रोज संध्याकाळी दादरला जायचे, भाजी चिरून द्यायचे, तिची वेणी घालायचे. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पट्टी निघाल्यावर मी भीत भीत पुढच्या सहलीचा विषय काढला, तर ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "तू जाऊन ये. मला कामं आहेत." दोरा काही ओवला जात नव्हता. मी तो ओवून दिला आणि घरी आले.

त्या आठवड्यात गाडी विकायचं मी जवळजवळ ठरवलंच. मग वाटलं, आधी दाराचं काहीतरी करू. ते उघडं अडकवून ठेवायला बाहेरून एक आकडा आणि साखळी लावून घेतली. माहीमच्या किनाऱ्याशी नेऊन उभी केली, तर दोन जोराच्या झोतांत साखळीचा आकडा पत्र्यासकट उखडला. माणूस मध्ये असतं तर, एवढा एकच विचार डोक्यात घेऊन मी परतले.

उपाय सापडला तो मासळी घेताना. ताईला मांदेली आवडतात, म्हणून मी शीव कोळीवाड्यातल्या एका मावशींकडे जाते. त्यांच्या छोट्या टेम्पोवर बर्फाची मोठी पेटी आहे. त्या दिवशी त्यांनी पेटीची खिटी काढली आणि ते जाड झाकण आपोआप, सावकाश वर गेलं आणि तिथेच थांबलं. मावशी दोन्ही हातांनी आतली मासळी काढत होत्या. मी पाटीकडे न बघता झाकणाकडेच बघत राहिले. बाजूला एक काळी नळी होती आणि तिच्यातून चकचकीत दांडी बाहेर आली होती.

"हा काय लावलाय, मावशी?"

"गॅसचा शॉकर. मोटारीच्या डिकीला असतो ना, तोच." त्यांनी कोपराजवळचा एक जुना व्रण दाखवला. "आधी हे झाकण माझ्या हातावर पडलेलं. आता नाय पडत."

वडाळ्याला ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारागिराकडून त्यांनी तो बसवून घेतला होता. माझ्या गाडीपासून दहा मिनिटांवर. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गेले. साठीचे गृहस्थ, कमी बोलणारे. त्यांनी दार दहा-बारा वेळा उघडलं, लावलं, बिजागऱ्या हाताने चाचपल्या आणि मला विचारलं, कुणाला लागलं का. मी सगळं सांगितलं. दार माझ्याच हातून सुटलं, हेही सांगितलं. ते मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांच्याकडे एका मोटारीचा शॉकर पडलेला होता, तो त्यांनी आधी लावून पाहिला. कडी काढताच दार हिसक्याने उघडलं आणि वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू बाहेर आले. माझं तोंड उतरलेलं त्यांनी पाहिलं असावं.

"मॅडम, दार हलकं आहे. हा शॉकर त्याला फार जोराचा झाला," ते म्हणाले. "नरम आणू."

नरम शॉकर मिळायला चार दिवस गेले. या वेळी त्यांनी घाई केली नाही. पुठ्ठा कापून दाराला लावला, दार उघडताना दांडी कुठवर जाते ते पेन्सिलीने आखलं. गाडीचा पत्रा पातळ, म्हणून आतून लोखंडी पट्टी दिली आणि तिच्यावर शॉकरची दोन्ही टोकं पक्की केली. दार चालत्या गाडीत उघडू नये म्हणून एक जादा कडीही बसवली. मग मला बोलावलं.

कडी काढली. दार संथपणे बाहेर गेलं आणि पूर्ण उघडून थांबलं. आता ते आपणहून कधीच मिटणार नव्हतं, लावायचं तर ओढून लावावं लागणार होतं. अर्धं ओढून मी सोडून दिलं, ते पुन्हा बाहेर गेलं. खाडीकडून बऱ्यापैकी वारं येत होतं. दार जरासं हललं, पण मिटलं नाही. मी चौकटीवर ताईने ठेवला होता तिथेच हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने दार सोडलं. काहीच झालं नाही. मी पायरीवरच बसले आणि रडू आवरेपर्यंत कारागीर उगाचच हत्यारं पुसत राहिले.

ताईला वडाळ्याला आणायला मला आणखी आठ दिवस लागले. शेवटी एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर ती म्हणाली, चल, दाखव एकदाचं. गाडीपाशी आल्यावर तिने मला बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतः कडी काढली, उजव्याच हाताने. दार उघडलं. तिने ते ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं. कापडाचा पोत बघावा तशी ती त्या काळ्या नळीवरून बोट फिरवत होती.

मग ती आत जाऊन बाकावर बसली. मी खालीच उभी होते.

"ताई, त्या दिवशी दार मी सोडलं होतं," मी म्हणाले.

"माहितीये मला. मी बघत होते ना."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुझा चेहरा बघवत नव्हता. मी एक शब्द बोलले असते तर तू दुसऱ्या दिवशी गाडी विकली असतीस." तिने दाराकडे मान वळवली. "आणि खरं सांगू, मला या दाराचीच भीती बसली होती. साठी उलटल्यावर दाराला भिते म्हणून कसं सांगायचं? म्हणून कामं आहेत म्हटलं."

दोन महिने मी तिच्या गप्प बसण्याचा एकच अर्थ, तिने मला माफ केलं नाही हा, लावून झुरत होते. तो अर्थ चुकीचा होता. मी आत जाऊन तिच्या शेजारी बसले. तिने माझा हात आपल्या मांडीवर घेतला. मोडलेलं बोट अजून पुरतं वळत नव्हतं, ते माझ्या तळव्यावर सरळच टेकलं होतं.

दसऱ्यानंतर आम्ही आठ दिवसांसाठी घाटावर गेलो. ताईने हाताने शिवायच्या काठांचं गाठोडं बरोबर घेतलं होतं. एका माळावर दुपारभर जोराचं वारं होतं. ती दारातल्या पायरीवर बसून काठ शिवत होती आणि मी आत पलंगावर पडले होते. थोडा वेळ मी दारावर नजर ठेवून जागी राहिले. मग केव्हा डोळा लागला ते कळलं नाही. तिने चहासाठी उठवलं तेव्हा ऊन उतरलं होतं आणि तिचा एक अख्खा काठ शिवून झाला होता.