नवा प्रोसेसर, जुनं विंडोज आणि माझी अर्धी कादंबरी

मेलग्रुपवरच्या दोस्तांनो, आज फैजपूरहून जरा छाती फुगवून लिहितोय!

सकाळी घरच्या जुन्या ४८६ कॉम्प्युटरमध्ये मी स्वतःच्या हाताने नवा, जास्त वेगाचा प्रोसेसर बसवला. जळगावच्या दुकानदाराने घाबरवलं होतं, "जुनं विंडोज याच्यावर चालणार नाही. डिस्क पुसावी लागेल." त्याच डिस्कवर माझी अर्धी कादंबरी आहे, आणि फ्लॉपीवरची कॉपी बुरशीने गेलीय.

मी मॅन्युअल दोनदा वाचलं. प्रोसेसर त्याच घराण्यातला, मग विंडोज का अडेल?

वडील, म्हणजे नाना, केळीच्या बागेतून आले. "काय करू राह्यला रे भो? जुनं उपटून नवी लागण, का पिलबाग?"

"पिलबाग, नाना. जुन्या बुडाला नवं पिल धरतोय."

"मंग भितो कायले?"

बटण दाबलं. स्क्रीन बराच वेळ काळीच. मग विंडोज उघडलं, आणि कादंबरीसुद्धा, शेवटच्या शब्दापर्यंत!

नानांनी माझं लिखाण कधी विचारलं नव्हतं. आज खुर्ची ओढून बसले. "येवढा जीव टांगला होता ना तुझा? वाच मंग."

चार पानं वाचली. नाना उठले नाहीत.

तुमच्या घरी तुमचं लिखाण पहिल्यांदा कोणी ऐकलं?